पहिलं दळण

डॉक्टर शिरगुप्प्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर
आतड्याचं चित्र काढलं.
'हे असं असतं, टर्किश टॉवेलसारखं, लव असलेलं.
तुमचं झालंय फरशीगत.'
मला आमच्या मोरीतली शहाबादी आठवली,
वीस वर्षं घासून मीच गुळगुळीत केलेली.

चूक गव्हाची नाही म्हणाले, तुमचीही नाही.
अंगातले राखणदार गहू दिसला की बिथरतात
आणि घरच्यांनाच काठ्या घालतात.
औषध?
गहू बंद.
किती दिवस?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

शाहूपुरीतून चालत आले.
वाटेत पाच बेकऱ्या.
इतकी वर्षं कधी मोजल्या नव्हत्या.

चपाती सोडणं सोपं. ती समोरून येते,
ओळखता येते.
पण सहा महिने ज्वारी, तांदूळ, नाचणी खाऊनही
पोट फुगायचं, नखं पापुद्र्यासारखी सुटायची,
जिन्याच्या आठव्या पायरीला
मी चप्पल नीट करायच्या निमित्तानं बसायचे.
मग ऋजुतानं एका संध्याकाळी
बांधानी हिंगाची डबी उलटी धरून वाचलं:
मैदा.
तीस वर्षांच्या फोडण्या.
चिमूट चिमूट.

डबी मी टाकली नाही. फळीवर ठेवलीय,
पोलीस ठाण्यात चोराचा फोटो लावतात तशी.

बाकी माणसं प्रेमानं मारतात.
वास्तुशांतीला इंदुताई म्हणाल्या,
'एवढासा शिरा गं, परसाद बाधत न्हाई.'
मी द्रोण कपाळाला लावला
आणि त्यांच्याच नातवाच्या हातात दिला.
माझ्या वाटचं पुण्यसुद्धा
त्यानं बोटं चाटून संपवलं.

'आमच्या टायमाला असलं काय नव्हतं,'
पंगतीत कुणीतरी म्हणालं.
होतं की.
आमच्या आक्काला होतं बहुतेक.
वाळत वाळत गेली, चौदाव्या वर्षी.
'हिच्या अंगी अन्न लागत न्हाई,' म्हणायचे
आणि अन्न भरवायचे:
दुधात कुस्करलेली चपाती,
वर चमचाभर तूप.
आई भरवायची. रोज. मांडीवर घेऊन.
हे मी आईला सांगितलेलं नाही.
सांगणारही नाही.

रविवारी घरचे मिसळीला निघतात, मीही जाते.
पर्समध्ये डबा, डब्यात भाकरी.
'कटात हिंग?' असं विचारलं
तर गल्ल्यावरचा दुखावलाच,
'वैनी, कांदा-लसूण असताना हिंग कशाला?'
फरसाण नको, ब्रेड नको, नुसता कट.
भाकरी बुडवते.
नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी.
त्या बाकावर सगळ्यांचंच तसं असतं,
कुणी काही विचारत नाही.

गिरणीत मात्र हात टेकले होते.
ज्वारी माझी, पण दगड गल्लीचा.
आण्णाप्पा मगदुमांना सांगताना जीभ अडखळली.
विटाळ नाही हो, सोवळं नाही,
तुमच्या पिठाला नावं ठेवत नाही मी.
पापण्यांवर पीठ घेऊन ते ऐकत राहिले,
मग पट्टा चढवायला वळले.
वाटलं, झालं. आता दुसरी गिरणी शोधा.

सोमवारी गिरणी बंद.
शटर अर्धं वर, आतून ठकठक.
आण्णाप्पा उकिडवे बसून दगडाला टाकी लावत होते,
डोक्याला टॉवेल, आजूबाजूला दगडाची भुकटी.
वर न बघता म्हणाले,
'उद्या सकाळी सातला या. पयलं दळण तुमचं.
त्येच्या आदी माझी दोन किलो कणी घालतो,
दगूड धुतल्यागत हुतोय.
कणी म्हशीला.
खालची पिशवी बी येगळी बांदीन.'

पैसे किती, विचारलं.
ऐकू न आल्यासारखं केलं त्यांनी.
चार ठोके घातले, फुंकर मारली.

'हे किती दिवस चालायचं म्हंता?'

'जन्मभर.'

मग पहिल्यांदा वर बघितलं.
'मग डब्यावर नाव रंगानं घाला, बाई.
खडूचं पुसतंय.'